जुन्या कॅम्पर व्हॅनमधला आवाज: आधी फटी, मग पत्रा, फोम सर्वांत शेवटी

नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: २००९ सालची टेम्पो ट्रॅव्हलर आपण जुनी विकत घेतली, आतली आसने काढून तिच्यात दोन बिछाने, छोटा ओटा आणि कपाटे बसवून घेतली, परंतु ताशी ६० किलोमीटरच्या पुढे गाडी गेली की मागे बसलेल्या आईंशी ओरडून बोलावे लागते, समृद्धी महामार्गावर तासाभरात डोके दुखू लागते, आणि गेल्या पावसाळ्यात छतावरच्या पावसाच्या आवाजाने रात्रभर कोणालाच झोप लागली नाही. सजावटीचे काम करणाऱ्या कारागिराने संपूर्ण गाडीला आतून थर्माकोल आणि त्यावर फोम चिकटवण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

तो सल्ला कृपया मानू नये. थर्माकोल उष्णता अडवतो, आवाज नव्हे. आवाज अडवायला वजन लागते आणि तो जिरवायला मऊ, हवा आत शिरू देणारा पदार्थ लागतो. थर्माकोल वजनाने हलका आणि स्वभावाने कडक असल्यामुळे तो या दोन्ही कामांत निरुपयोगी ठरतो, आणि गाडी हेलकावली की पत्र्यावर घासून स्वतःच कुरकुरू लागतो. नागपुरात कामठी रोडवर गाड्यांच्या आतल्या कामात माझी २२ वर्षे गेली आहेत, आणि या काळात चिकटवलेला फोम खरवडून काढण्यासाठी माझ्याकडे आलेल्या गाड्यांची संख्या नव्याने फोम लावण्यासाठी आलेल्या गाड्यांपेक्षा कमी नाही. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नागपूरच्या माणसाला हा विषय समजावण्यासाठी मला नेहमी कुलर उपयोगी पडतो. पत्र्याचा कुलर सुरू केला की मोटारीच्या कंपनाने त्याची बाजू थरथरते आणि खोलीभर भणभण भरते. त्या बाजूवर मधोमध तळहात टेकवला की ती भणभण तत्काळ दबते, हात काढला की पुन्हा सुरू होते. तळहाताने तिथे आवाज अडवलेला नसतो, तर थरथरणाऱ्या पत्र्याची ऊर्जा शोषून घेतलेली असते, आणि त्यासाठी सगळी बाजू झाकावी लागत नाही. तोच कुलर खिडकीत बसवताना कडेला फट राहिली तर रस्त्यावरचे हॉर्न त्या फटीतून सरळ आत येतात. तिथे तळहाताचा काही उपयोग नसतो, कापडाची घट्ट गुंडाळीच खुपसावी लागते. गाडीतही आवाज याच दोन वाटांनी येतो: काही पत्रा थरथरल्यामुळे, काही हवेतून, फटींवाटे. पहिल्या वाटेवरचा उपाय दुसऱ्या वाटेवर चालत नाही, आणि कोणता आवाज कोणत्या वाटेने येतो हे न पाहता केलेला खर्च बहुतेक वाया जातो.

परंतु त्याही आधी गाडी मेकॅनिकला दाखवा. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीत इंजिनाचे फाउंडेशन रबर कडक होऊन बसलेले असतात, आणि मग इंजिनाची सगळी धडधड चासीतून थेट पत्र्यात उतरते. सायलेन्सर टांगणारे रबर, मागच्या पाट्यांचे बुश, जॉइंट शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग, चाकांचे बेअरिंग हे सर्व तपासून घ्यावे. वेग वाढला की वाढत जाणारा आणि क्लच दाबला तरी न बदलणारा ‘घूंऽऽ’ असा आवाज चाकांकडचा किंवा शाफ्टचा असतो. त्यावर आतून कितीही थर चढवले तरी तो फक्त पुसट होईल आणि बिघाड मात्र झाकला जाईल. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्काही पाहावा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ३२१९ असे लिहिले असेल तर टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला आहे. जुने, कडक झालेले रबर रस्त्यावर अधिक गरजते आणि काँक्रीटवर तो फरक फार जाणवतो. समृद्धीचा पृष्ठभाग काँक्रीटचा आहे, आपल्या शहरातले बहुतेक मोठे रस्तेही आता सिमेंटचे झाले आहेत, आणि पाणी निघून जावे म्हणून त्यांवर ओढलेल्या रेघा टायरखाली गुणगुणतात. तो आवाज रस्त्याचा आहे, तो पूर्ण जाणार नाही. पण आज जो येतो आहे तो त्याहून पुष्कळ जास्त आहे, असे आपल्या वर्णनावरून वाटते.

आता फटी. या भागाला सर्वांत कमी पैसे लागतात आणि सर्वांत जास्त फायदा होतो, तरीही लोक तो वगळून पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. गणित असे आहे: एखादी भिंत आवाज ३० डेसिबलने कमी करत असेल आणि तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का भाग उघडा राहिला, तर ती भिंत २० डेसिबलच्या जवळपासच काम करते. उरलेल्या ९९ टक्क्यांवर आपण आणखी कितीही जाड थर दिला तरी हा आकडा हलत नाही. रात्री गाडी अंधारात उभी करून आत प्रखर टॉर्च लावावा आणि बाहेरून, शक्य असल्यास खालूनही, कुठून उजेड झिरपतो ते पाहून खडूने खुणा कराव्यात. मागच्या वर्षी एका गृहस्थांच्या गाडीत अशा १४ जागा सापडल्या: गिअरच्या दांड्याभोवतीचे फाटलेले रबरी बूट, पेडलांच्या दांड्यांची भोके, एसीचे पाइप जिथून आत येतात तिथला रिकामा घेर, आणि जुन्या आसनांचे बोल्ट काढल्यावर फरशीत तशीच राहिलेली छिद्रे. आपणही आसने काढली आहेत, म्हणून ही शेवटची जागा आवर्जून तपासावी. (आसने काढल्याची नोंद आरसीवर करून घेतली नसेल तर तीही करावी, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही.) बोल्टच्या छिद्रांना पत्र्याची थिगळे आणि सीलंट, वायरींच्या भोकांना नवे ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कड्या, गिअरला नवे बूट, एवढ्यानेच पुढच्या भागातला फरक कानाला कळतो.

दारांची रबरे तपासायला कागदाची पट्टी पुरेशी आहे. पट्टी दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावे. ती अडकत निघाली तर रबर चांगले, अलगद सुटली तर त्या जागी रबर दबून मेलेले आहे. नागपूरच्या उन्हात दारांचे रबर पाच-सात वर्षांतच चपटे होते. नवे घेताना जुन्याचा एक तुकडा कापून दुकानात न्यावा, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या दारांना वेगळ्या आकाराचे रबर असते आणि अंदाजाने आणलेले जाड रबर बसवले की सरकते दार लागतच नाही.

आपल्या गाडीत इंजिनाचा मागचा भाग चालकाच्या शेजारच्या कव्हराखाली येतो, आणि माझ्या मते आपल्या डोकेदुखीचे निम्मे मूळ तिथे आहे. कव्हराच्या कडेचे रबरी बीडिंग दबले असेल, एखादा क्लॅम्प सैल असेल, तर इंजिनाचा आवाज, उष्णता आणि वासही त्या फटीतून आत येतो. बीडिंग नवे बसवावे, क्लॅम्प आवळावेत, आणि कव्हराच्या आतल्या बाजूला आधी डॅम्पिंगची, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी शीट व त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे आवरण असलेला, उष्णता सोसणारा काचतंतूंचा थर लावावा. येथे साधा फोम कधीही लावू नये. सोफ्याचा फोम पेट घेतो, आणि त्यात डिझेल किंवा ऑइल मुरले की तो वातीसारखाच असतो. एग्झॉस्टच्या पाइपाजवळचा भाग तर मोकळाच ठेवावा.

इथपर्यंतचे काम झाल्यावर पत्र्याकडे वळावे. अस्तर काढून प्रत्येक भागावर बोटांच्या पेरांनी टकटक करावी. जिथे ‘टण्ण’ असा रेंगाळणारा आवाज येतो तो भाग थरथरणारा आहे. जिथे ‘ठप्’ असा कोरडा आवाज येतो तिथे काही लावण्याची गरज नाही. रेंगाळणाऱ्या भागाच्या मध्यावर ब्यूटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट चिकटवावी. हा वरचा पापुद्रा शोभेचा नसतो: पत्रा वाकू लागला की पत्रा आणि पापुद्रा यांच्यामध्ये ब्यूटाइल कातरले जाते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणूनच शीट लोखंडी रोलरने दाबून पूर्ण चिकटवणे महत्त्वाचे आहे; खाली हवेचा फुगा राहिला तर तेवढी शीट फुकट गेली असे समजावे. रिबांच्या मधल्या प्रत्येक चौकोनाचा पाव ते तिसरा हिस्सा झाकला की पुरते. कुलरवरच्या तळहाताची आठवण ठेवावी. २ मिलिमीटरची शीट चौरस मीटरला साधारण साडेतीन किलो भरते. आपल्या गाडीचा आतला सगळा पत्रा सुमारे २५ चौरस मीटर धरला तर संपूर्ण झाकण्यात ८८ किलो वजन चढेल आणि तिसऱ्या हिश्शात ३० किलोच्या आत काम होईल. अपवाद फक्त मागच्या चाकांवरच्या कमानींचा. तिथे गिट्टी आपटते, टायरचा आवाज थेट वर येतो, त्यामुळे त्या पूर्ण झाकाव्यात आणि त्यांवर आणखी थरही द्यावेत.

शीट घेताना ती ब्यूटाइलचीच आहे याची खात्री करावी. सुरुवातीच्या काळात मी एका गाडीच्या छताला गच्चीच्या गळतीसाठी वापरतात ती डांबरी पट्टी लावली होती, कारण ती स्वस्त होती आणि हिवाळ्यात उत्तम चिकटली. पुढच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली, छताचा पत्रा हात लावता येऊ नये इतका तापला, आणि पट्टी सुटून अस्तरावर लोंबू लागली. पांढऱ्या कापडावर काळे ओघळ उतरले आणि तो वास वर्षभर गेला नाही. ते सगळे काम मी स्वखर्चाने पुन्हा केले. ४५ अंशांच्या गावात दुसऱ्या गावचा अनुभव जसाच्या तसा चालत नाही. ब्यूटाइलसुद्धा फार तापल्यावर काहीसे मऊ पडते आणि त्याची शोषणशक्ती घटते, पण ते ओघळत नाही. चिकटवण्याचे काम उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत करावे. दुपारी पत्रा इतका तापलेला असतो की शीट एकदा टेकली की सरकवता येत नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र हीट गनने थोडी ऊब द्यावी लागते. पत्रा आधी थिनरने पुसून तेलकटपणा घालवावा; गंज असेल तर तो तारेच्या ब्रशने काढून, प्राइमर मारून, तो पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गंजाबद्दल दोन वाक्यांत भागत नाही. एका कॅम्परच्या भिंतींत कोणीतरी सोफ्याचा फोम ठासून भरला होता. काचेच्या चॅनलमधून पावसाचे थोडे पाणी आत येत होते, ते खाली निथळून जाण्याऐवजी फोमने धरून ठेवले. तीन पावसाळ्यांनंतर अस्तर काढले तेव्हा फोम हातात पिळता येत होता, आणि खालच्या पट्टीच्या पत्र्यातून माझा स्क्रूड्रायव्हर साध्या दाबाने आरपार गेला. म्हणून काहीही चिकटवण्याआधी बाहेरून पाइपने पाणी मारून, आत एक माणूस बसवून गळती शोधावी, आणि दारांच्या व भिंतींच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी कारखान्यानेच ठेवलेली भोके कधीही बुजवू नयेत. फटी बंद करा असे मी वर सांगितले, पण ही भोके त्यात येत नाहीत.

छताला डॅम्पिंगनंतर बंद पेशींचा नायट्राइल रबराचा १३ किंवा १९ मिलिमीटरचा पत्रक-फोम लावावा, जो एसीच्या डक्टला लावतात. तो पाणी पीत नाही, ऊन अडवतो आणि आतल्या अस्तराला पत्र्यापासून अलग ठेवतो. पावसाचा ताशा मुख्यतः डॅम्पिंगनेच थांबतो. थेंब पडतो तो एखाद्या ढोलाच्या पानावर पडल्यासारखा, आणि ते पान ढिले पडले की ढोल वाजत नाही. आपल्याला झोपेसाठी हेच हवे असल्यामुळे छतावर पाव हिश्शाऐवजी निम्मा भाग झाकला तरी चालेल. चिकटवण्यासाठी उष्णता सोसणारे सोल्यूशनच घ्यावे, साधे सोल्यूशन मे महिन्यात सोडते. छताला बाहेरून पांढरा परावर्तक रंग दिला तर आतल्या चिकटलेल्या सगळ्याच गोष्टी अधिक टिकतात.

फरशीला मात्र वजन हवे. ०.८ मिलिमीटरचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सव्वासहा किलोच असतो. त्यावर चौरस मीटरला ५ किलोचे जड व्हिनाइल अंथरले तर वजन जवळजवळ दुप्पट होते आणि हवेतून येणारा आवाज सुमारे ५ डेसिबलने घटतो. पण ते थेट पत्र्यावर टाकू नये. मध्ये ६ ते १० मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम असावा, जेणेकरून व्हिनाइल तरंगत राहील. तुकडे एकमेकांवर चढवून सांधे टेपने बंद करावेत. त्यावर १२ मिलिमीटरचा जलरोधक प्लाय येईल. तो बसवताना कारागीर सवयीने दर फुटावर स्क्रू मारून थेट पत्र्यात आवळतो, आणि प्रत्येक स्क्रू कंपनाला वर यायचा पूल बनून बसतो. मोजक्या जागीच आवळावे आणि तिथे रबरी वॉशर द्यावा. जड व्हिनाइल महाग वाटल्यास ३ मिलिमीटरची रबरी मॅट बऱ्यापैकी तेच काम करते. फक्त घेण्याआधी तिचा तुकडा दोन दिवस बंद गाडीत उन्हात ठेवून वास घ्यावा. काही मॅटचा वास इतका उग्र असतो की आईंसारख्या वयाच्या व्यक्तीला प्रवासात मळमळेल.

आपण लिहिले आहे की एका विशिष्ट वेगाला ‘कानात दडे बसल्यासारखे’ होते. हा खोल, घुमणारा आवाज फोमने जाणार नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेते तेव्हा सेकंदाला १०० स्फोट होतात. अशा १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, आवाजाच्या एका लाटेची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते, आणि तिचा अर्धा म्हणजे पावणेदोन मीटर, जवळजवळ आपल्या गाडीची आतली रुंदी. त्यामुळे दोन भिंतींमध्ये तो आवाज झोक्यासारखा चढत जातो. असा आवाज जिरवायला फोमची जाडी लाटेच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे ८५ सेंटिमीटर लागेल. एक इंची फोम दोन-तीन हजार हर्ट्झच्या वरचे चिरके आवाजच नीट खातो. या घुमण्यावर उपाय मुळाशीच आहे: फाउंडेशन रबर, सायलेन्सरचे टांगते रबर, आणि रुंद भिंतींवरचे डॅम्पिंग. चिरके आवाज जिरवण्यासाठी आपल्याला वेगळे काही फारसे विकत घ्यावे लागणार नाही, कारण दोन जाड गाद्या, उशा आणि पडदे गाडीत आहेतच.

काचांविषयी लोक उगाच घाबरतात. ४ मिलिमीटरची काच चौरस मीटरला १० किलो भरते, म्हणजे ती पत्र्यापेक्षा जड आहे. कमकुवत असते ते सरकत्या काचेचे चॅनल. त्यातले झिजलेले फेल्ट बदलले की वाऱ्याचा सूं-सूं आवाज आणि काचेची खडखड दोन्ही थांबतात. कपाटांच्या दारांना फेल्टच्या पट्ट्या, पाण्याच्या पंपाखाली रबरी बुश, आणि ताटल्यांच्या मध्ये सुती पंचाचे तुकडे. ही कामे घरच्या घरी एका रविवारी होतात. स्टीलच्या डब्यांचा खणखणाट इंजिनाहून लवकर माणसाला थकवतो.

एक गोष्ट कृपया विसरू नये. आपल्या ओट्यावर गॅस आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळल्यास तो फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक असलेच पाहिजे, आणि झोपताना हवा खेळती ठेवणारी वरची झडपही उघडी राहिली पाहिजे. आवाजाच्या मागे लागून ही दोन्ही बंद केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या भोकातून आवाज सरळ येऊ नये असे वाटत असेल तर आतून फोमचे अस्तर दिलेला वाकडा, एल आकाराचा पाइप लावावा. हवा जाते, आवाज बराचसा वळणातच राहतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवून घ्यावा.

मोजल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अ‍ॅप अचूक नसते, पण आधी आणि नंतरची तुलना करायला पुरते, फक्त फोन तोच असावा, त्याची जागा आईंच्या आसनावर तीच असावी, आणि रस्ता, गिअर व वेगही तेच असावेत. वर्धा रोडवर बुटीबोरीच्या दिशेने सकाळी लवकर, काचा बंद करून, ताशी ६० ने दोन किलोमीटर चालवून आकडा लिहून ठेवावा. सर्व कामे नीट झाल्यास माझ्या अनुभवात ४ ते ६ डेसिबल कमी होतात. १० डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणून कोणी ‘गाडी निःशब्द करून देतो’ म्हणाले तर त्याच्या हाती काम देऊ नये. आईंशी साध्या आवाजात बोलता येईल, एवढे मात्र नक्की साधेल.

मेकॅनिकचे काम, फटी आणि इंजिनाचे कव्हर एवढेच आधी करून पुन्हा त्याच रस्त्यावर आकडा घ्यावा आणि तो मला कळवावा. फरशी उचलायची की नाही हे त्यावरून ठरवू. छताचे काम मात्र कोणत्याही परिस्थितीत मृग लागण्याआधी, पत्रा पूर्ण कोरडा असतानाच उरकावे.